किरकिर कुठून येते?

आमच्या घरची जीप माझ्या नोकरीहून जुनी आहे. अब्बांनी जहाजावरची नोकरी सोडली तेव्हा हातात आलेल्या पैशातून ती सेकंडहँड घेतली. नव्वदीच्या दशकातली महिंद्राची लांब जीप, मागे समोरासमोर दोन बाकडी, चारही चाकांना ताकद देणारा जादा गिअर. अब्बा आता नाहीत, जीप आहे. धाकटा भाऊ कुवेतहून दर दोन महिन्यांनी सांगतो, "भाईजान, विकून टाका, भंगारात तरी चांगला भाव येईल." त्याचं म्हणणं हिशेबाला धरून आहे. पण आमचं घर मंडणगड तालुक्यात, खाडीकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटेच्या शेवटी आहे. जांभ्या दगडाची ती वाट पावसाळ्यात ओढ्यासारखी वाहते. वरच्या डांबरी रस्त्यापर्यंत रिक्षा येते, लहान मोटार येते. तिथून खाली आमच्या मोहल्ल्यात बाराही महिने उतरते ती फक्त ही जीप. रात्री-अपरात्री कुणाच्या पोटात दुखलं, कुणाची सून अडली, की हाक आमच्या दाराशी येते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. ही जीप ज्या कंपनीची, ती १९४५ साली सुरू झाली तेव्हा तिच्या नावात महिंद्रांच्या जोडीला 'मोहम्मद' होतं. मलिक गुलाम मोहम्मद हे तिचे एक भागीदार. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ साली कंपनीचं नाव बदलून महिंद्र अँड महिंद्र झालं. अब्बांना ही हकीकत फार आवडायची. जीप पुसताना ते हटकून सांगायचे, ऐकणारा नवा असो की जुना.

तर या जीपला आवाज लागला. एक नव्हे, दोन. सावकाश चालताना मागून 'किर्र... किर्र' अशी रडी किरकिर आणि दगडावरून चाक गेलं की 'खट्'. मुलं नक्कल करायची. शाळेत सातवीच्या वर्गात मी फळ्याकडे तोंड केलं की मागून एखादा बारीक आवाजात 'किर्र' करायचा आणि मी वळून पाहिलं की सगळे वहीत मान घालून बसलेले. इथवर हसण्यावारी गेलं.

हसू संपलं ते अम्मीमुळे. दोन वर्षांपूर्वी ती अंगणात घसरून बसली आणि पाठीच्या कण्यातला एक मणका दबला. हाडं ठिसूळ झाली आहेत, डॉक्टर म्हणाले. औषध चालू, महिन्यातून एकदा तपासणी आणि एक कडक सूचना: धक्के टाळा. आता आमच्या वाटेवर धक्के टाळायचे म्हणजे वाटच टाळायची! तिला फार वेळ ताठ बसवत नाही, म्हणून मागच्या बाकड्यावर गादी घालून आम्ही तिला अर्धवट आडवी नेत असू. ती ओढणीचं टोक दातात धरायची. 'खट्' झालं की डोळे मिटायची. कधी "हाय" म्हणून तोंडातून शब्द नाही. फेब्रुवारीत मात्र तपासणीच्या आदल्या रात्री तिने मला जवळ बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "बेटा, आता मला नको नेऊस. जे व्हायचं ते घरात होऊ दे. तुझी जीप माझी हाडं मोजते."

त्या महिन्याची तपासणी चुकली. पुढच्या महिन्याचीही.

याआधी आवाजावर इलाज झाला नव्हता असं नाही. भाऊ सुट्टीवर आला होता तेव्हा मी निवडणुकीच्या ड्युटीवर होतो. त्याने जीप एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथे कुणी खाली वाकून पाहिलं की नाही, अल्लाह जाणे. "शॉकअप गेलेत" असं सांगून त्यांनी चारही नवे बसवले आणि नऊ हजारांच्या वरचं बिल हातात दिलं. आठ दिवस गाडी गप्प राहिली. नवव्या दिवशी वाटेच्या दुसऱ्या वळणावर 'किर्र'. भावाने फोन केला तर उत्तर मिळालं, जुनी गाडी आहे, एवढा आवाज असणारच. जुन्या गाडीबद्दल आणि म्हाताऱ्या माणसाबद्दल हे एकच वाक्य लोक किती सहज बोलतात! अम्मीच्या पाठीबद्दलही एकाने हेच सांगितलं होतं.

एप्रिलच्या परीक्षा झाल्यावर मी जीप माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे नेली. त्याचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, दोन पोरं आणि एक चहाची किटली. शाळेत तो साधारण होता. हुशारही नाही, ढही नाही. उर्दूचं अक्षर मात्र सुंदर. मला पाहून त्याने हात पुसले, सलाम केला आणि म्हणाला, "सर, आधी गाडी चालवून दाखवा. मी मागे बसतो." तो मागच्या बाकड्यावर बसला नाही, खाली फळीवर बसला. तळहात फळीला टेकवून. अर्धा किलोमीटर गेल्यावर म्हणाला, "बस्स. शॉकअप बिचारे ठीक आहेत."

मग त्याने जे केलं ते पाहून मला माझ्या धंद्यातली गोष्ट आठवली. मूल वाचताना अडखळतं तेव्हा काही शिक्षक त्याला पुढचं पुस्तक देतात, काही मागचं. खरा शिक्षक आधी ते कुठे अडखळतं ते ऐकतो. त्याने चाकांपुढे दगड लावले, गाडी जमिनीवरच चारही चाकांवर उभी ठेवली आणि साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन खाली सरकला. एका पोराला मागचा बंपर दाबून वर-खाली हलवायला सांगितलं. किर्र, किर्र. त्याने एका जोडावर पाणी मारलं, आवाज तसाच. दुसऱ्यावर मारलं, तसाच. मागच्या डाव्या शॉकअपच्या खालच्या टोकावर पाणी पडलं आणि किरकिर थांबली. "सापडला एक," तो खालून म्हणाला. नंतर त्याने प्रत्येक शॉकअप हाताने धरून जोरात वर-खाली ओढून पाहिला. पुढचे दोन हलले नाहीत. मागचे दोन्ही, वरच्या आणि खालच्या टोकाला, पिनेवर खडखडत होते. नवे कोरे शॉकअप, आणि ढिल्या चपलेत पाय असावा तसे बसलेले.

माझी लेक अकरावी सायन्सला आहे. ती बॅटरी धरायला म्हणून आली होती आणि प्रश्नांनी त्याला भंडावून सोडत होती. शॉकअप नेमकं करतं काय, या तिच्या प्रश्नाला त्याने दिलेलं उत्तर मी वर्गात वापरायचं ठरवलं आहे. तो म्हणाला, "तुमच्या पडवीत झोपाळा आहे ना? झोका दिला आणि सोडून दिला तर तो किती वेळ हलत राहतो? आणि तू पाय जमिनीला घासत ठेवलास तर?" झोपाळा म्हणजे गाडीचे कमानपाटे. दगडावर चाक चढलं की पाटे दाबले जातात, मग उसळतात, मग परत दाबले जातात. सोडले तर हलतच राहतील. घासणारा पाय म्हणजे शॉकअप. आत तेल असतं, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. गाडी हलू लागली की तेलाला त्या भोकांतून जावं लागतं, ते सहजासहजी जात नाही, आणि उसळीतली ताकद तेलाच्या उष्णतेत जिरते. लेकीने लगेच पुस्तकातला शब्द काढला: अवमंदन. तो हसला. "आम्ही धक्का खाणं म्हणतो."

भाषा शिकवणाऱ्याला इथे थोडं थांबावंच लागतं. 'कमान' हा फारसी शब्द, धनुष्य या अर्थाचा. उर्दूत तो धनुष्यच राहिला, मराठीत दारावर जाऊन बसला आणि गॅरेजात गाडीखाली गेला. तिन्ही ठिकाणी वाक तोच. 'पुर्जा'ही फारसीतूनच आलेला. 'चावी' पोर्तुगिजांची. आणि 'शॉकअप' तर इंग्रजाला सांगितलं तरी समजणार नाही, तो सर्वस्वी आपला.

आता मुद्द्याची गोष्ट. शॉकअपच्या दोन्ही टोकांना कडी असते. ती गाडीच्या पिनेवर बसते, पण लोखंडावर लोखंड नव्हे. मध्ये रबर असतं, त्याला बुश म्हणतात. आमच्या जीपला प्रत्येक कडीत दोन अर्धे बुश, बाहेरून मोठा वॉशर आणि तो निसटू नये म्हणून स्प्लिट पिन. माझी समजूत अशी होती की कडी पिनेवर फिरते आणि रबर तिला मऊ गादी देतं. तसं नाही. रबर दोन्ही बाजूंनी दाबून घट्ट बसलेलं असतं. कडी थोडीशी झुलते तेव्हा रबर स्वतःला पिळ देतं आणि परत सोडतं. घसरत ते कुठेच नाही. घसरत नाही म्हणून आवाज नाही. ते ढिलं झालं की पिनेवर घासू लागतं, आणि ती घासण किरकिरते. झिजून संपलं की लोखंड लोखंडावर आपटतं, तो 'खट्'. म्हणजे ते दोन आवाज दोन दुखणी नव्हती, एकाच दुखण्याच्या दोन पायऱ्या होत्या.

आणि एक गोष्ट त्याने सांगितली ती ऐकून मी गप्प झालो. बुश ढिला असला की मोठ्या खड्ड्यात शॉकअप काम करतो, पण लहान धक्क्यात करत नाही. चाक चार-पाच मिलिमीटर हललं तर तेवढं अंतर कडी नुसतीच पिनेवर इकडून तिकडे जाते. आतला दट्ट्या जागचा हलत नाही. आमची वाट मोठ्या खड्ड्यांची नाही, ती मुठीएवढ्या दगडांची आहे. पुष्कळसे धक्के असे, शॉकअपला कळायच्या आत, गादीपर्यंत पोचत होते. अम्मी म्हणाली होती ना, हाडं मोजते.

मग प्रश्न पडला, नव्या शॉकअपबरोबर नवे बुश आलेच असतील, ते आठ दिवसांत ढिले कसे झाले? त्याने एक शॉकअप उतरवला. स्प्लिट पिन गंजून एकजीव झाली होती. तिला रॉकेल पाजून चहा होईपर्यंत थांबावं लागलं. कडी निघाली आणि पिन उघडी पडली. लेकीने व्हर्निअर मागितलं. कॉलेजात शिकलेली वस्तू पहिल्यांदाच कामाला आली म्हणून तिला कोण आनंद! पिन जिथे रबराखाली असते तिथे मुळाकडच्या भागापेक्षा दीड मिलिमीटर बारीक झाली होती, तीही सगळीकडून सारखी नाही. लंबगोल. कितीतरी वर्षं बुशाशिवाय आपटून आपटून पिनच झिजली होती. अशा पिनेवर नवं रबर घट्ट बसणार कसं? त्यात गॅरेजवाल्यांनी वॉशर घातले होते ते लहान, रबर त्यांच्या कडेने बाहेर फुगून आलं होतं. शॉकअप बदलणं सोपं होतं, पिन पाहणं अवघड नव्हतं, पण त्यासाठी वाकावं लागतं.

भावाने जुने चारही शॉकअप परत मागून घेतले होते, ते पडवीच्या कोपऱ्यात पडून होते. मी ते दुसऱ्या दिवशी नेले. त्याने एकेक उभा धरून हाताने ओढला आणि दाबला. चांगला शॉकअप सारख्या जोराने सरकतो, ओढताना जास्त अडतो, मध्येच कुठे रिकामा वाटत नाही. चारांपैकी एकाच्या नळीवर तेल ओघळलं होतं. तीन ठणठणीत. म्हणजे नऊ हजारांतले पाऊण पैसे कशाला गेले ते तुम्हीच समजा. ते तीन आता मी उभे करून ठेवले आहेत. आडवे ठेवले तर आतली हवा तेलाच्या जागी शिरते, मग बसवण्याआधी उभे धरून पाच-सहा वेळा पूर्ण ओढून-दाबून ती काढावी लागते. नवा शॉकअप बसवतानाही हेच करावं असं तो म्हणाला.

दुरुस्ती दीड दिवस चालली. खालच्या पिना कमानपाट्याखालच्या, यू-बोल्टच्या पट्टीला जोडलेल्या असतात. मागच्या त्या दोन पट्ट्याच नव्या आणल्या. वरच्या दोन पिना बाजारात मिळाल्या नाहीत. गल्लीच्या टोकाला एक म्हातारे लेथवाले आहेत, त्यांनी पुढच्या चांगल्या पिनेचं माप घेऊन नव्या कातून दिल्या. बुशांच्या दुकानात तीन प्रकार होते आणि दुकानदाराचं म्हणणं, "कोणताही घ्या, सगळे चालतात." माझ्या विद्यार्थ्याने खिशातून नवी पिन काढून प्रत्येकात घालून पाहिली. जो हाताने सुळकन सरकला तो परत दिला. जो साबणाचं पाणी लावल्याशिवाय जाईना तो घेतला. सोळा अर्धे बुश, आठही टोकांना. पुढचे अजून बरे होते, पण एका वयाचे सगळे असावेत असा त्याचा हट्ट.

ढिल्या बुशाखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची रीत आपल्याकडे आहे. मी विचारलं. तो म्हणाला, "पहिल्या पावसापर्यंत चालते सर, मग ती पट्टीच किरकिरते." पॉलियुरेथेनचे रंगीत बुशही मिळतात. ते जास्त टिकतात पण कडक असतात, धक्का वर पाठवतात. शर्यतीच्या गाडीला ठीक. आमच्या गाडीत अम्मी झोपणार होती.

तेलाचं सांगायचं राहिलं. आवाज सुरू झाल्यापासून अम्मीचा एकच सल्ला होता, "अरे, त्याला तेल तरी घाल." झोपाळ्याच्या कड्या करकरल्या की ती खोबरेल सोडते आणि त्या गप्प होतात. कडीला ते बरोबर आहे. तिथे लोखंडाने लोखंडावर घसरायचंच असतं. रबराला ते चालत नाही. एक तर रबराने घसरायचं नसतं, आणि इंजिन ऑइल किंवा ग्रीस लागलं की अशा रबराच्या बुशाला फुगवटा येतो, ते पोचट होतं आणि लवकर फाटतं. बसवताना साबणाचं पाणी पुरे, ते वाळून जातं.

शेवटी घट्ट करण्याची वेळ. जॅकवर आणि घोडीवर असताना त्याने सगळं नुसतं अडकवून ठेवलं. गाडी खाली उतरवून, चाकांवर तिचं वजन आल्यावर मग वॉशर दाबून पिना घातल्या. कारण विचारलं तर म्हणाला, गाडी अधांतरी असताना पाटे लोंबतात आणि शॉकअप ताणलेला असतो. तेव्हा घट्ट केलं तर रबर कायमचं पिळलेल्या स्थितीत अडकतं. उभ्या गाडीतही त्याला आराम मिळत नाही. रबर वॉशरच्या कडेला किंचित फुगेल इतकंच दाबायचं, बाहेर येईल इतकं नाही. यू-बोल्ट दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर परत आवळायला या, अशी ताकीदही दिली. वाचक बंधू-भगिनींनो, घरच्या पोरांनी असलं काम करायला घेतलं तर एक गोष्ट कडक सांगा: नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. दगड आणि घोडी हवीच.

पैशांवरून आमचं थोडं वाजलं. तो मजुरी घेईना. मी म्हटलं, "शिकवण्याचा पगार मला सरकारने दिला आहे, तुझ्याकडून दुसऱ्यांदा घेणार नाही." मग त्याने कागद ओढला आणि सुबक उर्दू अक्षरात बिल लिहिलं: बुश, पट्ट्या, वॉशर, लेथ, मजुरी. सगळं मिळून तीन हजारांच्या आत. त्यातला अर्ध्याहून जास्त खर्च त्या दोन पट्ट्यांचा. खाली सही. ते बिल मी जपून ठेवलं आहे, हिशेबासाठी नव्हे, त्यातल्या 'काफ'साठी.

अम्मीला तयार करणं दुरुस्तीपेक्षा कठीण गेलं. तिचा विश्वास बसेना. मे महिन्यात तपासणीच्या दिवशी लेकीने युक्ती केली. "दादी, वरच्या रस्त्यापर्यंतच जाऊ. दुखलं तर परत." अम्मीने बिस्मिल्लाह म्हटलं, ओढणीचं टोक हातात घेतलं आणि आडवी झाली. मी पहिल्या गिअरमध्ये निघालो. दगड तेच होते. गाडी हलत होती, डुलत होती, झोपाळ्यासारखी एकदा मागे, एकदा पुढे आणि स्थिर. 'खट्' नाही. दुसऱ्या वळणावर मी कान टवकारले. काही नाही. डांबरी रस्ता आल्यावर गाडी थांबवून मागे पाहिलं तर लेकीने ओठांवर बोट ठेवलं. दादीचा डोळा लागला होता. ओढणीचं टोक हातातच होतं, दातात नव्हतं.

डॉक्टरांनी दोन महिने का चुकवले म्हणून मला झापलं. मी ऐकून घेतलं. पाठीचा नवा फोटो काढला, मणका आणखी दबलेला नाही, अल्हम्दुलिल्लाह. आता दर महिन्याला जाणं होतं. जुलैत वाट पाण्याखाली होती तेव्हाही गेलो, आणि त्याच आठवड्यात मोहल्ल्यातल्या एका सुनेला रात्री दोन वाजता वर नेलं, तिला मुलगी झाली. भावाला मी बिलाचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, विकायचं पुढच्या वर्षी बघू.

मागच्या उजव्या बाजूला अजून बारीक किरकिर येते, सकाळी गाडी थंड असताना. साबणाचं पाणी मारून पाहिलं, शॉकअपची नाही. पाट्याच्या टोकाला जी शॅकल असते तिच्या बुशाची आहे. लेकीने जागेवर खडूने खूण केली आहे. दिवाळीच्या सुट्टीत ते काढू.